मजकूर आधी पोचला पाहिजे

डिलो नावाचा एक ब्राउझर १९९९ पासून आहे. चिलीतल्या होर्हे अरेयानो सिद यांनी तो सुरू केला, मधली बरीच वर्षे काम थंडावले आणि २०२४ मध्ये ३.१ ही आवृत्ती निघाली तेव्हा त्याला पुन्हा धुगधुगी आली. आजच्या मोठ्या ब्राउझरना एखाददुसरे पान दाखवायला शेकडो एमबी रॅम लागते. डिलो त्याहून कितीतरी कमी रॅममध्ये, कुणीतरी टाकून दिलेल्या संगणकावरही, चटकन उघडतो. पानावर हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट ही भाषा त्याला चालवता येत नाही. नेटसर्फ हा त्याच जातकुळीतला दुसरा. २००२ मध्ये रिस्क ओएस या प्रणालीसाठी तो सुरू झाला, पानाची मांडणी करणारे इंजिन त्याच्या मंडळींनी स्वतः लिहिले आणि जावास्क्रिप्ट त्यात आहे ती जुजबी.

अशा हलक्या ब्राउझरमध्ये मराठी संकेतस्थळ उघडले की दोनपैकी एक गोष्ट घडते. कधी पान येते, पण अक्षरे विस्कटलेली असतात. कधी पानच येत नाही; नुसता पांढरा पडदा, फार तर एक गोल फिरत राहणारे चिन्ह. दोन्ही वेळा सल्ला एकच मिळतो: ब्राउझर जुनाट आहे, नवा घ्या, जमल्यास फोनही नवा घ्या. हा सल्ला मला मान्य नाही. ही दोन अपयशे वेगवेगळ्या लोकांच्या हातून घडलेली आहेत, त्यांचे इलाज वेगळे आहेत, आणि त्यांतले दुसरे पहिल्याहून फार गंभीर आहे.

आधी विस्कटलेल्या अक्षरांचे पाहू. युनिकोडमध्ये मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'दिवस' हा शब्द फाइलमध्ये असा असतो: द, मग पहिली वेलांटी, मग व, मग स. पडद्यावर मात्र वेलांटी द च्या आधी काढायची असते. ही उलटापालट करणे, पाय मोडलेल्या अक्षराचे पुढच्याशी जोडाक्षर करणे, र चा रफार करून तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवणे, या सगळ्याला मिळून शेपिंग म्हणतात. डिलो ज्या एफएलटीके या साधनावर उभा आहे त्याच्या १.३ आवृत्तीत हे होत नाही. फाइलमध्ये ज्या क्रमाने चिन्हे आली त्याच क्रमाने ती एकापुढे एक काढली जातात. मग द च्या नंतर आलेली वेलांटी व ला चिकटते आणि 'दिवस' चे 'दविस' होते. 'किरण' चे 'करिण', 'निवड' चे 'नविड'. 'सूर्य' दिसतो 'सूर्‌य' असा आणि 'स्त्री' सहा सुट्या चिन्हांची रांग बनते: स, पाय, त, पाय, र, वेलांटी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला जो फरक मराठी माणूस डोळ्यांनी ओळखतो, एकीकडे रफार आणि दुसरीकडे ती आडवी पापणी, तो जवळजवळ नाहीसा होतो. उरतो र खालचा एक ठिपका.

असे पान वाचता येत नाही असे नाही. सराव झाला की नेटाने अर्थ लावता येतो. पण दोन परिच्छेदांत डोळे थकतात, आणि नुकते वाचायला शिकलेल्या मुलाला किंवा सवयीने शब्दाचा आकारच ओळखून वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते अजिबात साधत नाही.

ही जबाबदारी ब्राउझरची आहे, हे मी ठामपणे म्हणतो. हलका ब्राउझर कशाला म्हणायचे याची मोजपट्टी ज्यांनी ठरवली त्यांच्या लिपीत एका संकेताला एक आकार पुरत होता. त्यांनी शेपिंग वगळले ते कुणाला दूर ठेवण्यासाठी नव्हे. त्यांच्या कामात ते लागतच नव्हते. पण परिणाम असा झाला की शेपिंग ही चैन ठरली, आणि देवनागरी, बंगाली, तमिळ, ख्मेर लिहिणारे लोक 'नंतर पाहू' या रांगेत गेले. वजनाची सबबही इथे टिकत नाही. हार्फबझ हे शेपिंगचे साधन मुक्त आहे, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सगळे तेच वापरतात, आणि त्याचा आकार साधारण एक-दीड एमबीच्या आसपास भरतो. आजच्या सर्वसाधारण संकेतस्थळाचे एक पान एकदा उघडायला दोन एमबीच्या वर माल उतरवावा लागतो. म्हणजे कोट्यवधी माणसांची लिपी कायमची नीट दाखवण्याचा खर्च हा एका बातमीच्या पानापेक्षाही कमी आहे. नेटसर्फने तर याचा पुरावाच दिला आहे. त्याची जीटीके या साधनावर उभी असलेली आवृत्ती मजकूर काढण्याचे काम पँगो या साधनाकडे सोपवते आणि तिथे मराठी व्यवस्थित दिसते. त्याच नेटसर्फची जी आवृत्ती थेट पडद्याच्या स्मृतीत चित्र काढते, तिच्यात मराठी तुटते. इंजिन एकच, मधला एक थर बसवला की लिपी बसते. एफएलटीकेच्या १.४ आवृत्तीतही आता पँगोची सोय आली आहे, म्हणजे डिलोलाही वाट मोकळी आहे.

यंत्राला जमत नाही म्हणून लिपीने पड खावी, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे, आणि या पहिल्या वेलांटीनेच तिचा सगळ्यात मोठा घाव सोसला आहे. खिळ्यांच्या छपाईच्या आणि टंकलेखन यंत्राच्या काळात देवनागरी सुटसुटीत करण्याच्या कितीतरी योजना निघाल्या. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ यांसाठी अ लाच काना-वेलांट्या लावण्याची बाराखडी पुढे आणली. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या लिपीसुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, थोडी आखूड करून लिहावी असे ठरवले, म्हणजे आज शेपिंग नसलेला ब्राउझर जिथे ती टाकतो साधारण तिथेच. लोकांनी ते मानले नाही आणि तो निर्णय मागे पडला. डोळ्यांना लागलेले वळण कुठल्याही ठरावापेक्षा पक्के असते. त्या योजना आखणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर लोखंडी यंत्र होते आणि त्याला मर्यादित कळा होत्या. आज ती अडचण नाही. यंत्राने लिपीच्या मागे यायचे, हे आता शक्य झाले आहे, आणि शक्य झाल्यावर ते न करण्याला कारण उरत नाही.

एवढे बोलूनही मला या पहिल्या अपयशाची फार धास्ती वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी मराठीने पडद्यावर आजवर काढलेले दिवस आठवावे लागतील.

इंटरनेटवर मराठी वृत्तपत्रे आली तेव्हा बहुतेकांचा फॉन्ट वेगळा होता. आधी तो फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग बातमी वाचायची. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे वेलांटी. फॉन्ट असेल तर पान देखणे दिसे, छापील अंकासारखे. फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा. दिसणे बरोबर होते, पण आत मराठी मजकूर नव्हताच. शोधयंत्राला त्यात 'दुष्काळ' हा शब्द सापडणे शक्य नव्हते, कारण तो तिथे लिहिलेलाच नव्हता. त्या वर्षांतले किती लिखाण आज शोधून सापडत नाही याचा विचार केला की जीव हळहळतो.

मग साध्या कळांच्या फोनवर ऑपेरा मिनी आला. २००५ मध्ये निघालेल्या या ब्राउझरची युक्ती अशी की पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडायचे, तिथे दाबून लहान करायचे आणि मग फोनवर पाठवायचे. मंद जोडणीवर आणि तुटपुंज्या पैशांत वेब वापरणाऱ्यांवर या ब्राउझरचे मोठे उपकार आहेत. पण फोनमध्ये देवनागरी नसेल तर मराठीच्या जागी चौकोन चौकोन दिसत. त्यावर एक तोडगा तोंडोतोंडी पसरला होता. पत्त्याच्या पट्टीत ऑपेरा आणि कॉन्फिग हे शब्द, मध्ये कोलन टाकून, लिहायचे. एक लांबलचक इंग्रजी यादी उघडे. तिच्या तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का, असा प्रश्न असे. तिथे 'होय' निवडून जतन करायचे. त्यानंतर सर्व्हर मराठी मजकुराची लहान लहान चित्रे काढून पाठवी आणि चौकोनांच्या जागी अक्षरे उमटत. ज्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर मराठी वाचले त्यांतल्या पुष्कळांनी ते असे वाचले. ही चित्रे मजकुरापेक्षा जड असत, त्यांतला शब्द उचलून दुसरीकडे चिकटवता येत नसे, पण वाचता येत होते. सर्व्हरवर मूळ पान युनिकोडमध्ये होते म्हणूनच हे जमले, ही बाब महत्त्वाची आहे.

संगणकावरही तेच. विंडोज एक्सपीत शेपिंग होते, पण इंग्रजी आवृत्तीत ते भाषांच्या खिडकीत जाऊन मुद्दाम चालू करावे लागे आणि ते करताना यंत्र मूळ सीडी मागे. सीडी हाताशी नसेल तर मराठी तुटकीच. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही, फोन बनवणाऱ्याने स्वतः सोय केली नसेल तर, चौकोन किंवा मोडकी अक्षरे दिसत. पुढे सगळे सुधारले. आणि सुधारले तेव्हा २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा जुना लेख कुणी हात न लावता नीट दिसू लागला. त्याच काळात जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले पान मात्र आजही कचराच दाखवते.

यातून मला एक क्रम दिसतो. विस्कटलेल्या डिलोत मजकूर शाबूत आहे. तो 'दविस' दिसणारा शब्द उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवा, तिथे 'दिवस' उमटेल. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकासाठी मजकूर बोलून दाखवणारे साधन तो बरोबर उच्चारेल, कारण ते आकार पाहत नाही, संकेत पाहते. उद्या डिलोत शेपिंग आले की आजवरची सगळी पाने एका रात्रीत दुरुस्त होतील. दिसण्यातला दोष मागाहून निघतो. मजकूरच न पोचण्याचा दोष मागाहून निघत नाही.

म्हणून माझा खरा रोष पांढऱ्या पडद्यावर आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत मांडलेले वेबचे पहिले पान आजच्या क्रोममध्ये उघडते, डिलोत उघडते, नुसती अक्षरे दाखवणाऱ्या लिंक्समध्येही उघडते. एचटीएमएलचा स्वभाव क्षमाशील आहे. ब्राउझरला एखादी खूण कळली नाही तर तो ती खूण सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसचेही तसेच: न कळलेली ओळ गाळायची, पुढे जायचे. जावास्क्रिप्ट तशी नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला तेव्हा ती पानावर थोडी हालचाल आणण्यासाठी होती. ती आज्ञांची भाषा आहे, आणि आज्ञांच्या फाइलमध्ये व्याकरणाचे एक चिन्ह अनोळखी निघाले तर ती सबंध फाइल बाद होते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते जिओफोनवर पाहावे. २०१७ मध्ये आलेला हा कळांचा फोन, ५१२ एमबी रॅम, काइओएस ही प्रणाली. कोट्यवधी लोकांनी तो घेतला, त्यांत महाराष्ट्रातली गावेच्या गावे होती. त्यातले ब्राउझर इंजिन म्हणजे फायरफॉक्सचे २०१६ मधले गेको ४८. मराठी त्यात उत्तम दिसते. लिपीचा प्रश्न तिथे सुटलेला आहे. पण २०२० च्या प्रमाणित आवृत्तीत जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहिण्याची एक नवी सोय आली. प्रोग्राम लिहिणाऱ्याचे त्यात दोन-चार शब्द वाचतात. गेको ४८ ला ती सोय माहीत नाही. जिथे बातमी, सूचना, पिकाचा भाव असा सगळा मजकूर जावास्क्रिप्टच आणून ओतते, तिथे त्या एका जोडचिन्हाने पान कोरे राहते. लिहिणाऱ्याचे दोन शब्द वाचले आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच आले नाही.

यावर ठरलेले उत्तर असते की असे लोक फार थोडे. गूगलने २०२५ च्या जानेवारीपासून आपला शोध जावास्क्रिप्टशिवाय चालेनासा केला तेव्हा, जावास्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्यांकडून होणारे शोध ०.१ टक्क्याहून कमी आहेत असे कारण पुढे आले. गूगलवरचे रोजचे शोध अब्जांत मोजले जातात. हजारात एकाहून कमी म्हटले तरी तो आकडा लाखांत जाऊ शकतो. आणि मोजणीच चुकीच्या जागी होते आहे. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर हे नीट तपासले होते. जावास्क्रिप्टचा लाभ न मिळणारे १.१ टक्के निघाले, म्हणजे दर ९३ माणसांत एक. त्यांत जावास्क्रिप्ट मुद्दाम बंद ठेवणारे किंवा ती नसलेला ब्राउझर वापरणारे फक्त ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालायला हवी होती, तरी चालली नाही. जोडणी मध्येच तुटली, कार्यालयाच्या जाळ्याने फाइल अडवली, पान पुरते उतरण्याआधी माणूस पुढे गेला, अशी कारणे अनेक असू शकतात. हा कुणी हट्टी माणसांचा वेगळा गट नव्हे. एसटीत बसून घाटातून जाताना तुम्ही-आम्ही सगळेच त्या ०.९ टक्क्यांत जाऊन येतो.

एके काळी हे लिहून ठेवलेले होते. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये अपंगांना वेब वापरता यावे म्हणून मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत स्क्रिप्ट बंद असतानाही पान वापरता आले पाहिजे ही अट पहिल्या प्राधान्यात होती. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गळली. त्यामागे व्यावहारिक विचार होता: तोवर वाचून दाखवणारी साधने जावास्क्रिप्टशी जुळवून घेऊ लागली होती. पण ती अट केवळ त्या साधनांसाठी नव्हती. गरीब यंत्र आणि गरीब जोडणी यांचे रक्षण तीच करत होती, आणि ती गेल्यावर त्यांच्या बाजूने बोलणारे कलम राहिले नाही. मला तो निर्णय चुकलेला वाटतो.

जावास्क्रिप्ट नकोच, असे माझे म्हणणे नाही. नकाशा सरकवायचा असेल, गाडीतली जागा निवडायची असेल, दोघांनी मिळून एक तक्ता भरायचा असेल, तर ती लागणारच. पण शासन निर्णय हा मजकूर आहे. निकालाची तारीख, पाणी येण्याची वेळ, बाजार समितीतला कांद्याचा भाव, अग्रलेख, कविता, निधनवार्ता, हे सगळे मजकूर आहेत. सर्व्हरने ते एचटीएमएलमध्ये लिहून पाठवले की काम झाले. त्यावर मग हव्या तेवढ्या सोयी चढवा: शोधाची चौकट, रात्रीचा काळा रंग, आवडले म्हणायची खूण. आजची लोकप्रिय साधने पान सर्व्हरवरच तयार करून पाठवू शकतात, त्यामुळे यात कौशल्याची अडचण नाही. तसे मागणारे कुणी नाही, ही अडचण आहे. काम देणारा अधिकारी किंवा संपादक नव्या फोनवर पान पाहतो, ते छान दिसते, बिल मंजूर होते.

फॉन्टाच्या बाबतीतही असाच अविचार चालतो. देवनागरीचा एक फॉन्ट रोमनपेक्षा पुष्कळ जड असतो, कारण जोडाक्षरांचे शेकडो आकार त्यात असतात. पान आपला खास फॉन्ट मागवते आणि तो येईपर्यंत मोठे ब्राउझर साधारण तीन सेकंद मजकूर झाकून ठेवतात. सीएसएसमध्ये एक ओळ घातली की तोवर फोनमधल्याच फॉन्टमध्ये मजकूर दिसतो. ती एक ओळ न घातलेली मराठी संकेतस्थळे अजूनही भेटतात.

आणि अलीकडे एक नवा अडसर आला आहे. आपोआप पाने उतरवून घेणाऱ्या यंत्रांची झुंबड रोखण्यासाठी पुष्कळ संकेतस्थळे दारावर पहारा बसवतात: तुम्ही माणूस आहात हे आधी सिद्ध करा. ही परीक्षा जावास्क्रिप्टने घेतली जाते. डिलो वापरणारा माणूस त्या परीक्षेला बसूच शकत नाही, म्हणून तो यंत्र ठरतो. संकेतस्थळ चालवणाऱ्यांची अडचण खरी आहे, सर्व्हरवर येणारा तो भार मी नाकारत नाही. पण सार्वजनिक माहितीच्या दारावर असा पहारा बसवणे मला पटत नाही. तिथे भार सोसण्याची व्यवस्था करणे हाच मार्ग आहे.

मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आज आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा आणि स्वतःचे पान उघडा. मथळा आणि मजकूर दिसला तर उत्तम. पडदा पांढरा राहिला तर तुमच्या प्रोग्रामरला बोलावून ते दाखवा, आणि पुढच्या कराराच्या कागदात 'जावास्क्रिप्ट नसतानाही मजकूर वाचता आला पाहिजे' अशी एक ओळ घाला. आणि ज्यांना सी किंवा सी प्लस प्लस येते अशा मराठी तरुणांनी डिलो आणि नेटसर्फकडे वळावे. दोन्हींचा स्रोत खुला आहे, काम करणारे हात थोडे आहेत, आणि पहिली वेलांटी कुठे असते हे त्यांना सांगायला मराठी जाणणारा माणूस हवा आहे.